माहिती अधिकार: स्मरणपत्रांच्या नादात अपिलाची मुदत गेली

मराठवाड्यातल्या एका शासकीय महाविद्यालयात तासिका तत्त्वावर सहायक प्राध्यापक नेमले गेले, तुमची निवड झाली नाही. मुलाखतीचे गुण आणि गुणवत्ता यादी मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज तुम्ही 4 जुलैला दिला. उत्तर आलं नाही. मग तीन स्मरणपत्रं झाली, ‘साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या’ हे ऐकायला चकरा झाल्या, आणि आता जानेवारीत विचारता की थेट माहिती आयोगाकडे जाऊ का? शाळा, तंत्रनिकेतनं, वसतिगृहं यांच्याबद्दल अशाच वळणाची पत्रं सतत येतात.

शासकीय महाविद्यालयाला कायदा लागू आहे का, यावर जागा घालवत नाही. सगळं अडलंय कलम 7(2) पाशी. 30 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर अर्ज नाकारला असंच कायदा धरतो. म्हणजे तुमचा अर्ज 3 ऑगस्टलाच नाकारला गेला होता. तिथून पुढचे 30 दिवस कलम 19(1) खालच्या पहिल्या अपिलाचे होते. 2 सप्टेंबरच्या सुमारास तेही संपले. स्मरणपत्र नावाची गोष्ट या कायद्यात कुठेच नाही. त्याने मुदत थांबत नाही की वाढत नाही. नेट-सेट झालेल्या माणसाने 31 कलमांचा कायदा एकदा वाचू नये, याचा मला खरंच राग येतो, कारण कार्यालयं नेमकी याच्याच भरवशावर गप्प बसतात.

थेट आयोगाकडे जाऊ नका. कलम 18 च्या तक्रारीवर आयोग दंड करू शकतो, पण माहिती देण्याचा आदेश देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मणिपूरच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. तुम्हाला तर माहिती हवीय.

तेव्हा याच आठवड्यात पहिलं अपील द्या. जोडपत्र ‘ब’ (पहिल्या अपिलाचा ठरलेला नमुना), 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि सोबत विलंब माफीचा अर्ज. त्यात ‘मला कायदा माहीत नव्हता’ असं लिहू नका. अर्ज नाकारताना अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचं हे कळवणं कलम 7(8) प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्याचं काम आहे. त्याने एक ओळही कळवली नाही, हे लिहा. पुरेसं कारण दिसलं तर अपिलीय अधिकारी उशीर माफ करू शकतो. करेलच, अशी खात्री मी देणार नाही. म्हणून त्याच दिवशी नवा अर्जही देऊन ठेवा. विलंब माफीचा अर्ज फेटाळला, तरी नव्या अर्जावर मुदत नव्याने सुरू होते.

तुम्ही पाठवलेली जुन्या अर्जाची प्रत पाहिली. आवक शिक्का स्वच्छ आहे, तारीख वाचता येते, जपून ठेवा. तिन्ही स्मरणपत्रांवर मात्र पोच नाही. आणि अर्जातला तिसरा मुद्दा आहे ‘माझी निवड का झाली नाही?’ तो नव्या अर्जातून काढा. ‘का’चं उत्तर म्हणजे माहिती नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्येच म्हटलंय. कागद मागा: समितीच्या सह्यांचा गुणतक्ता, बैठकीचं इतिवृत्त, उमेदवारांचं उपस्थितीपत्रक. एकच विषय, 150 शब्दांच्या आत.

इतर उमेदवारांचे गुण मिळतील का? पुणे जिल्हा न्यायालयाच्या लिपिक भरतीत ते द्यावेत, असं मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलंय, त्याचा आधार घ्या. पण वैयक्तिक माहिती नाकारू देणाऱ्या कलम 8(1)(j) मध्ये नव्या डेटा संरक्षण कायद्याने बदल केलाय, त्यामुळे कलम 8(2) मधलं व्यापक जनहित अर्जातच मांडा. स्वतःच्या गुणांना ही अडचण नाही.

निवडीलाच आव्हान द्यायचं असेल तर औरंगाबाद खंडपीठात काम करणाऱ्या वकिलाला आताच कागद दाखवा. ‘माहितीची वाट पाहत होतो’ हे कारण रिट याचिकेत चालेलच असं नाही, आणि या नेमणुका शैक्षणिक वर्षाबरोबर संपतात.

पहिल्या अपिलावरही कार्यालय गप्प बसू शकतं. त्याचा निर्णय 30 दिवसांत, फार तर कारणं नोंदवून 45 दिवसांत व्हायला हवा. तुम्ही तिसावा दिवसच धरा आणि तिथून 90 दिवसांच्या आत दुसरं अपील आयोगाकडे पाठवा. ते किती दिवसांत निकाली काढायचं याची मुदत कायद्याने आयोगाला घालून दिलेलीच नाही, तिथे फायली पडून राहतात. तुमच्याकडून एकही दिवस वाया जाऊ देऊ नका.