१/२४ मापाच्या कस्टम प्रीमियर पद्मिनी मॉडेलमध्ये रेडिएटर, होज (पाण्याच्या रबरी नळ्या) आणि फॅन खरे वाटावेत म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मूळ इंजिन काढून मोठं जपानी चार सिलिंडर बसवलंय, वॉटर पंपाची पुली आणि रेडिएटर यांच्यात जेमतेम ३ मिमी उरलेत, आणि होजला कोणता काळा रंग द्यावा असं विचारलंय. रंगाचं शेवटी बघू. होज भलतीकडे जात असेल तर तो कुठल्याही काळ्यात रंगवा, चूक दिसायची ती दिसतेच.

नाशिकमधल्या मॉडेलवाल्यांत एक ठरलेलं वाक्य आहे: "बोनेटखाली कोण बघतंय?" हेच लोक व्हॉल्व्ह कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण) क्रोम करतात आणि मुद्दाम बोनेट उघडं ठेवून मॉडेल मांडतात. मग बघणार नाही तर काय? कसारा घाटात बोनेट वर करून वाफ सोडत उभ्या राहिलेल्या पद्मिन्या ज्याने पाहिल्यात, त्याची नजर आधी रेडिएटरवरच जाते.

पाणी कुठून निघून कुठे जातं ते आधी बोटाने गिरवून बघा. गरम पाणी थर्मोस्टॅटच्या हाउसिंगमधून वरच्या होजने रेडिएटरच्या वरच्या टाकीत जातं, जाळीतून खाली उतरतं आणि खालच्या होजने वॉटर पंपाकडे परत येतं. पंप ओढतो, म्हणून खालचा होज पंपाच्या तोंडाशीच लागला पाहिजे. ब्लॉकवर दिसेल तिथे चिकटवून चालत नाही. बहुतेक किटमध्ये वरचाच होज नीट दिलेला असतो. "खालचा दिसतच नाही" असं मला वारंवार ऐकवणाऱ्या एका ज्येष्ठ मॉडेलवाल्यांनी स्वतःची गाडी एकदा उलटी करून बघावी.

आता ते ३ मिमी. १/२४ मध्ये ते खऱ्या गाडीचे ७२ मिमी होतात. तेवढ्यात हब आणि बेल्टवर फिरणारा फॅन बसत नाही, त्यामुळे तो काढाच. पुली मात्र ठेवा, पंप तिच्यावरच फिरतो. पातळ इलेक्ट्रिक फॅनची जाडी साधारण ६० ते ६५ मिमी, म्हणजे तुमच्याकडे २.६ मिमी. मागे लावलात तर पुलीला घासेल असं दिसेल. तो रेडिएटरच्या पुढे, ग्रिलच्या बाजूला लावा. मोटर पुढे आली तरी हवा पुढून मागेच गेली पाहिजे. पात्याची जी कड फिरताना पुढे असते ती ग्रिलकडे आणि मागची कड रेडिएटरकडे, असा पीळ हवा. पीळ याच्या उलट असला तर तो इंजिनाची गरम हवा ग्रिलमधून बाहेर फेकणारा फॅन होतो. दोन वायरी आणि टाकीवर एक थर्मोस्विच (पाणी तापलं की फॅन चालू करणारा स्विच) दाखवला की पुरे.

होजला सोल्डर वायर घ्या, १६ गेजची. ती १.६३ मिमी भरते, म्हणजे खऱ्या मापात ३९ मिमी. वरच्या होजला बरोबर. पकडीने वाकवू नका, सोल्डर चपटी होते आणि होज दबल्यासारखा दिसतो. ३ मिमीच्या ड्रिल बिटच्या गुळगुळीत दांड्याभोवती बोटांनी वळवा. टोकं सपाट भिंतीवर टेकवायची नाहीत. खरा होज नळीवर चढतो, म्हणून १.२ मिमीचा तुकडा आधी टाकीला लावा. दोन्हीकडे ०.५ मिमीचं भोक पाडून आत ०.४ मिमीची तांब्याची तार घाला, जोड सुटणार नाही. क्लिपसाठी ॲल्युमिनियम फॉइल टेप काचेवर ठेवून नव्या ब्लेडने ०.५ मिमीची पट्टी कापा. क्लिप होजच्या अगदी टोकावर नको, किंचित आत. तिचा स्क्रू एका बाजूला फेविकॉलच्या टिंबाने. सगळे स्क्रू वर तोंड करून ठेवू नका, गॅरेजवाला पेचकस जिकडून जाईल तिकडे फिरवतो.

जाळीच्या खऱ्या फिन (पातळ पत्र्याच्या पट्ट्या) या मापात कोरता येतच नाहीत. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे उरलेली बारीक नायलॉन जाळी मागा आणि मॅट काळ्या १ मिमी शीटवर ताणून बसवा. चहाची गाळणी लावलेली मॉडेलं मी बघतो, ती रेडिएटर न वाटता खिडकीची जाळी वाटते. पितळी रेडिएटर ठेवणार असाल तर टाक्या वर-खाली आणि काळ्या. ॲल्युमिनियमचा आडवा घेतलात तर टाक्या डाव्या-उजव्या, आणि होजची तोंडंही तिकडे सरकतात. दोन्हींची खिचडी करू नका.

रेडिएटरच्या झाकणाच्या मानेतून ०.५ मिमीची नळी जादा पाण्याच्या बाटलीत सोडा. बाटली पारदर्शक स्प्रूची (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिची). १००० नंबरच्या पेपरने घासली की दुधी होते. हीटर काढला असेल तर इंजिनावरची त्याची दोन तोंडं आखूड होजने एकमेकांना जोडा, उघडी सोडू नका.

राहिला रंग. टामियाचा एक्सएफ-८५ रबर ब्लॅक. कुठलाही मॅट काळा थोडा राखाडी करून घेतला तरी चालतं. निव्वळ काळा या मापात भोकासारखा दिसतो. सोल्डरवरचा फ्लक्स (डाख देताना लागणारं राळेसारखं द्रव्य) थिनरने पुसून आधी प्रायमर मारा, नाहीतर रंग सोलून निघतो. बऱ्याच सोल्डरमध्ये शिसं असतं, हात धुवा. नाशिकच्या पावसाळ्यात फेविक्विकची पांढरी वाफ बाटलीवर आणि क्रोमवर हमखास बसते, तिथे फेविकॉलच वापरा.

एक राहिलं. फॅनच्या पिळाचं वर जे सांगितलं ते इलेक्ट्रिकपुरतं नाही, बेल्टच्या फॅनलाही तेच. बहुतेक इंजिनं समोरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, पण तुमचं जपानी इंजिन जुन्या होंडाचं असेल तर ते उलटं फिरतं. पुढच्या गाडीत बेल्टचा फॅन ठेवणार असाल तर चिकटवण्याआधी हे तपासा.