ऑफ विंगवाला खेळाडू: सव्यसाची, डावखुरा की अजून काही?

एका ओळखीच्या ताईंनी विचारलंय की त्यांचा मुलगा कॅनडात शिकतो, तिकडच्या आइस हॉकीवर मराठीत लिहितो, आणि जो खेळाडू आपल्या हाताच्या विरुद्ध बाजूला खेळूनही चमकतो (तिकडे याला ऑफ विंगवर खेळणं म्हणतात) त्याला तो 'सव्यसाची' म्हणतोय, तर हे बरोबर आहे का. ताई, माझ्या मते नाही. आणि डावखुरा पण नको. कारण सांगतो, थोडं लांबेल.

आधी खेळ समजून घेऊ. आपल्या मैदानी हॉकीत स्टिक एकाच पद्धतीची असते, सपाट बाजू डावीकडे, आणि लिहिताना डावरा असलेला पोरगा पण डावा हात वर आणि उजवा खालीच धरतो, त्यामुळे हाताच्या विरुद्ध बाजू वगैरे प्रश्न आपल्याकडे कधी आलाच नाही आणि म्हणून तयार शब्दही नाही. आइस हॉकीत स्टिकचं पातं डावीकडे किंवा उजवीकडे वळलेलं मिळतं. डावा हात खाली तो लेफ्ट शॉट, उजवा हात खाली तो राइट शॉट. घरी बघायचं असेल तर लांब दांड्याचा खराटा घेऊन अंगण झाडा आणि खाली कुठला हात गेला ते बघा. मी उजव्या हाताने लिहितो, उजव्यानेच जेवतो, पण खराट्यावर माझा डावा हात खाली जातो, म्हणजे हॉकीच्या हिशोबाने मी लेफ्ट शॉट. आइस हॉकीतला नावाजलेला खेळाडू वेन ग्रेट्झकी लेफ्ट शॉटच होता पण लिहायचा उजव्याने. म्हणून लेफ्ट शॉटचं भाषांतर 'डावखुरा' करू नका, तिथेच पहिली गडबड होते. आपल्या क्रिकेटमध्ये पण बघा ना, सचिन बॅटिंग उजवी करायचा पण सही डाव्या हाताने.

आता ऑफ विंग. लेफ्ट शॉट खेळाडू उजव्या बगलेवर (म्हणजे विंगवर, मैदानाच्या उजव्या कडेला) उभा राहिला की त्याचं पातं मैदानाच्या मध्याकडे येतं, मधून आलेला पास न थांबवता तसाच जाळ्याकडे मारता येतो आणि गोलचा कोनही मोठा मिळतो. तोटा असा की आपल्याच बचावपटूने कडेच्या भिंतीलगत पास दिला तर तो उलट्या हातावर येतो आणि सांभाळताना तारांबळ उडते. जुन्या काळचा आइस हॉकीपटू मोरीस रिशार लेफ्ट शॉट असून उजव्या बगलेवर खेळायचा, 1944-45 च्या मोसमात त्याने 50 सामन्यांत 50 गोल केले. आणि आइस हॉकीपटू ओव्हेचकिन राइट शॉट पण डाव्या बगलेचा, 6 एप्रिल 2025 ला त्याने ग्रेट्झकीचा 894 गोलांचा विक्रम मोडला तो 895 वा गोल पण त्याच्या त्या नेहमीच्या, बर्फावर आखलेल्या डावीकडच्या वर्तुळातनंच मारला.

मग सव्यसाची का नाही? संस्कृतात सव्य म्हणजे डावा. विराटपर्वात अर्जुन उत्तराला आपल्या नावांचे अर्थ सांगतो त्यात म्हणतो की गांडीव ओढताना माझे दोन्ही हात 'दक्षिण' आहेत, म्हणून मी सव्यसाची. म्हणजे जो डाव्यानेही तितकंच सफाईने करतो तो. ओव्हेचकिन हात बदलत नाही हो, तो फक्त जागा बदलून उभा आहे. दोन्ही हातांनी सारखाच मारणारा कोणी निघाला तर त्याला खुशाल सव्यसाची म्हणा.

त्यात सव्य हा शब्द आता बऱ्याच लोकांना उजवा वाटतो. मला पण वाटायचा. वडिलांच्या श्राद्धाला रामकुंडावर बसलो होतो, गुरुजी म्हणाले अपसव्य करा, मी जानवं धरून नुसता बसून राहिलो, मग त्यांनीच हात धरून ते डाव्या खांद्यावरनं काढून उजव्या खांद्यावर टाकलं. देवकार्याला डाव्या खांद्यावर ते सव्य, पितरांना उजव्या खांद्यावर ते अपसव्य. त्या दिवसापासून चुकलो नाही. आपण रोजच्या बोलण्यात खटाटोपाला सव्यापसव्य म्हणतो ते याच बदलाबदलीवरनं.

अजून एक खड्डा आहे. मराठीत 'उजवा' म्हणजे सरस. 'अमुक खेळाडू उजवा ठरला' लिहिलं की वाचणाऱ्याला बाजू कळत नाही, तो वरचढ ठरला इतकंच कळतं. हातांची ही उतरंड अर्जुनाच्या त्या 'दक्षिण'मध्येही आहेच, कारण दक्षिण म्हणजे उजवा आणि कुशलही. तेव्हा ऑफ विंगच्या वाक्यात 'उजवा ठरतो' कटाक्षाने टाळा. 'उलट्या हाताचा' पण नको, उलटा हात म्हणजे आपल्याकडे हाताची मागची बाजू, उलट्या हाताची थोबाडीत देतात ना तो, त्यातनं बॅकहँड असा अर्थ निघेल. 'उफराटा' सुचवला कोणी तर त्यात चुकीचं, वेडंवाकडं असा वास येतो, जो या खेळाडूवर अन्याय होईल. आणि 'डावी आघाडी' लिहिलं तर लोकांना पक्ष आठवतील.

माझं मत: 'उलट बगल'. बगल शब्द सैन्याच्या वर्णनात होताच, फुटबॉलच्या बातम्यांत पण कधी कधी दिसतो, आणि 'उलट' म्हटल्यावर हात नाही तर बाजू उलटी हे लगेच कळतं. फुटबॉलमध्ये सालाह डाव्या पायाचा असून उजवीकडे खेळतो, त्यालाही चालेल. पहिल्यांदा पूर्ण वाक्य द्यावं, म्हणजे 'ओव्हेचकिनचा उजवा हात स्टिकवर खाली असतो तरी तो डाव्या बगलेवर, म्हणजे स्वतःच्या उलट बगलेवर खेळतो', आणि पुढे सरळ 'उलट बगलेचा खेळाडू' लिहावं. ताई, मुलाला सांगा की ऑफ विंग हा शब्दही सोबत देवनागरीत ठेव, फक्त एकटा 'ऑफ' नको, कारण आपल्याकडे ऑफ म्हटलं की डोळ्यासमोर क्रिकेटची ऑफ साइड येते.