वाचकांचे प्रश्न : केस गळणाऱ्या प्राण्यांच्या घरी टिकणारा व्हॅक्यूम क्लीनर

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमच्या घरी सहा वर्षांचा लॅब्रॅडॉर आणि एक पर्शियन मांजर आहे. गेल्या सात वर्षांत आमचे दोन व्हॅक्यूम क्लीनर बाद झाले. पहिल्याची मोटर जळाली, तर दुसऱ्याची नळी फाटली आणि तशी नळी कोठेही मिळाली नाही. सासूबाईंना दमा असल्यामुळे झाडूने केस उडवणे शक्य नाही. घरात गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी, एक कापडी सोफा, दोन सतरंज्या आणि कापसाच्या गाद्या आहेत. दुकानात गेले की विक्रेते वॅटचा आकडा पुढे करतात. बारा-तेरा हजार रुपये खर्च करण्याची तयारी आहे. मात्र यंत्र सात-आठ वर्षे टिकावे. नेमके काय पाहून घ्यावे?
— एक वाचक भगिनी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपल्या दोन्ही यंत्रांचा शेवट जसा झाला, त्यातच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

घरगुती कोरड्या व्हॅक्यूम क्लीनरमध्ये नळीतून आत आलेली हवा आधी पिशवीतून किंवा कचऱ्याच्या डब्यातून जाते, मग फिल्टरमधून जाते आणि शेवटी मोटरवरून वाहत बाहेर पडते. मोटर थंड ठेवण्याचे काम हीच हवा करते. प्राण्यांचे केस एकटे असते तर ते डब्यात नुसते गोळा होऊन राहिले असते; पण त्यांच्याबरोबर बारीक धूळ आणि त्वचेचा कोंडा येतो आणि या तिघांचा मिळून फिल्टरवर नमद्यासारखा घट्ट थर बसतो. हवा कमी झाली की केस उचलले जात नाहीत, म्हणून आपण यंत्र जास्त वेळ चालवतो, आणि ज्या वेळी मोटरला थंड हवेची सर्वाधिक गरज असते नेमकी त्याच वेळी ती तिला मिळत नाही. चालू यंत्राचा आवाज नेहमीपेक्षा चिरका झाला आणि मागून येणारी हवा गरम लागू लागली, तर ते हवा अडल्याचे लक्षण समजावे व यंत्र लगेच बंद करावे. आपली पहिली मोटर बहुधा अशीच गेली असावी. त्यामुळे नवे यंत्र घेताना पहिली चौकशी फिल्टरची करावी : तो आकाराने मोठा आहे का, हत्याराशिवाय काढता येतो का, आणि तापमान वाढल्यास यंत्र आपोआप बंद पडण्याची सोय आहे का.

वॅटचा आकडा यंत्र वीज किती घेते एवढेच सांगतो; कचरा किती ओढते हे सांगत नाही. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ पासून व्हॅक्यूम क्लीनरची कमाल विजेची मर्यादा १६०० वॅटच्या खाली आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटच्या खाली आणली. घरे त्यानंतरही साफ होत राहिली, कारण कंपन्यांनी पंख्याची, नळीची आणि फरशीवर फिरणाऱ्या तोंडाची रचना सुधारली. शिवाय आपल्याकडे दिवाणखान्यातले साधे सॉकेट ६ अँपिअरचे असते. २३० व्होल्टला त्यावर १३८० वॅटहून अधिक भार टाकणे योग्य नाही, त्यामुळे १६०० किंवा २००० वॅटचे यंत्र त्यावर चालवले की प्लग तापतो. यंत्र तेवढे मोठे घ्यायचेच असेल तर १६ अँपिअरच्या सॉकेटवरच चालवावे आणि साध्या एक्स्टेन्शन बोर्डाचा वापर करू नये.

टिकाऊपणाबाबत त्याच युरोपीय नियमांतले दोन आकडे मला फार उपयोगाचे वाटतात. मोटर किमान ५०० तास चालली पाहिजे आणि नळी ४०,००० वेळा वाकवल्यानंतरही वापरण्याजोगी राहिली पाहिजे, अशी त्यांची अट आहे. आपण रोज वीस मिनिटे यंत्र चालवले तर वर्षाला सुमारे १२० तास होतात; म्हणजे ५०० तास चार वर्षांत संपतात, आणि आठ वर्षांसाठी जवळजवळ हजार तास लागतात. म्हणूनच सात-आठ वर्षे टिकणारे यंत्र याचा प्रामाणिक अर्थ मधे एकदा दुरुस्त करता येईल असे यंत्र, असा घ्यावा. विजेच्या तारेवर चालणाऱ्या बहुतेक यंत्रांच्या मोटरीत कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे छोटे ठोकळे, असतात आणि ते वापराने झिजतात. वेळेवर बदलले तर मोटर पुढे काम करते. झिजलेल्या कार्बनवर तशीच चालवली तर ठिणग्या उडून आतला तांब्याचा भाग खराब होतो. कार्बन सुटे मिळतात का, हा प्रश्न दुकानात संकोच न बाळगता विचारावा.

आता प्रकाराविषयी. आपल्या घरासाठी मी चाकांवर मागे ओढत नेण्याचा, पिशवीचा व्हॅक्यूम क्लीनर सुचवतो. सध्या दुकानांतून बिनपिशवीच्या यंत्रांचा आग्रह अधिक असतो आणि पिशव्यांचा खर्च वाचतो हे खरेही आहे, पण आपल्याकडे दोन गोष्टी त्यांच्या विरोधात जातात. पहिली गोष्ट म्हणजे दमा. मांजराच्या ॲलर्जीचे मुख्य कारण केस नसून मांजराच्या लाळेतले आणि त्वचेच्या तैलग्रंथींतले एक प्रथिन असते. ते कोंड्याच्या अतिसूक्ष्म कणांवर बसून बराच वेळ हवेत तरंगत राहते. बिनपिशवीचा डबा झटकताना हेच कण पुन्हा नाकातोंडाशी येतात, तर बंद तोंडाची पिशवी न उघडता तशीच टाकता येते. दुसरी गोष्ट आपल्या नाशिकच्या पावसाळ्याची. बिनपिशवीच्या यंत्राचे फिल्टर वरचेवर धुवावे लागतात आणि ते पूर्ण कोरडे व्हायला उन्हाळ्यात एक दिवस पुरतो. पण जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन दिवसांनीही हाताला ओल लागते. ओलसर फिल्टर बसवला की त्यावर धूळ चिखलासारखी चिकटते, यंत्राला कुबट वास येतो आणि मोटरलाही धोका पोहोचतो. तरीही बिनपिशवीचे घ्यायचे ठरवलेत, तर फिल्टरचा दुसरा जोड त्याच दिवशी घ्यावा.

पिशवी मात्र न विणलेल्या कृत्रिम कापडाची, अनेक थरांची असावी. धुऊन पुन्हा वापरायची साधी कापडी पिशवी स्वस्त पडते, पण तिच्यातून बारीक धूळ निसटते. दम्याच्या रुग्णाच्या घरी ती मी वापरणार नाही. बाहेर जाणाऱ्या हवेसाठी हेपा फिल्टर हवा. अमेरिकी व्याख्येनुसार खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो, तर युरोपीय एच-१३ वर्गात हे प्रमाण ९९.९५ टक्के असते. खोक्यावर नुसते ‘हेपासारखा’ किंवा ‘हेपा टाइप’ असे लिहिलेले असेल तर ही खात्री मिळत नाही. फिल्टर उत्तम असूनही झाकणाचे रबर सैल असेल तर हवा फिल्टरला वळसा घालून बाहेर पडते. म्हणून दुकानात यंत्र चालू करून झाकणाच्या सांध्यांवरून ओला तळहात फिरवावा आणि हवेची झुळूक कोठे लागते ते पाहावे.

फरशीसाठी फिरणारा कडक ब्रश घेऊ नये. गुळगुळीत फरशीवर तो केस उचलण्याऐवजी पुढे उडवतो. मऊ केसांची कड असलेले सपाट तोंड येथे पुरते. सोफा, गाद्या आणि सतरंज्यांसाठी मात्र हवेवर फिरणारा छोटा टर्बो ब्रश हवाच, कारण कापडात विणले गेलेले लॅब्रॅडॉरचे आखूड, ताठ केस नुसत्या ओढीने निघत नाहीत. हा ब्रश विकत घेण्यापूर्वी त्याचा रोलर हाताने किंवा नाण्याने उघडून बाहेर काढता येतो का, ते स्वतः करून पाहावे. केस रोलरच्या दोन्ही टोकांशी गुंडाळले जातात, त्यामुळे बेअरिंग अडकते आणि पट्टा तापून तुटतो. आठवड्यातून एकदा रोलर काढून त्याच्या लांबीच्या दिशेने कात्री चालवली की हे टळते.

नळीचे आपले दुःख मी समजू शकतो. एका फाटक्या नळीपायी चांगली मोटर भंगारात जाते, याची मला मनापासून हळहळ वाटते. नळी बहुधा मधे न फाटता मुठीजवळ किंवा यंत्राजवळच्या गळ्याशी फाटते. तिचे टोक पिळून बसवायच्या आट्यांचे असेल तर फाटलेला वीतभर भाग कापून उरलेली नळी पुन्हा आट्यांत बसवता येते. टोक कायमचे चिकटवलेले असेल तर ती संधी मिळत नाही. गळ्याशी गरगर फिरणारा सांधा असावा आणि पुढचा पाइप शक्यतो धातूचा असावा. पाइपचा व्यास ३२ किंवा ३५ मिलिमीटर असा प्रचलित मापाचा असेल तर दुसऱ्या कंपनीचे तोंडही त्याला बसू शकते.

आपण पत्रात कंपनीचे नाव विचारलेले नाही, याचे मला समाधान वाटते, कारण कंपनीपेक्षा तिचे नाशिकमधले सेवाकेंद्र महत्त्वाचे आहे. यंत्र पसंत पडले की पैसे देण्यापूर्वी त्या केंद्राला दूरध्वनी करून त्याच मॉडेलची नळी, पिशव्या, फिल्टर आणि कार्बन यांची किंमत व उपलब्धता विचारावी. ‘मुंबईहून मागवावे लागेल’ असे उत्तर आले तरी हरकत नाही. ‘हे मॉडेल आमच्याकडे येत नाही’ असे आले तर ते यंत्र कितीही आवडले असले तरी सोडून द्यावे. वॉरंटीत नळी, पट्टा आणि फिल्टर धरले आहेत का, ते छापील कागदावर वाचून घ्यावे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले असून दुरुस्ती व सुट्या भागांची माहिती ग्राहकांना एका ठिकाणी मिळावी, हा त्याचा हेतू आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

वापराविषयी तीन गोष्टी आवर्जून सांगतो. प्राण्याने केलेली लघवी किंवा ओकारी कोरड्या यंत्राने कधीही ओढू नये, कारण तीच ओली हवा पुढे मोटरवर जाते. रंगकामानंतरची सिमेंट, चुना किंवा पुट्टीची भुकटीही ओढू नये. ती काही मिनिटांत फिल्टर बुजवते. आणि लॅब्रॅडॉरला दुहेरी केसांचे आवरण असल्यामुळे त्याचे केस वर्षभर गळत राहतात, म्हणून रोज दहा मिनिटे गच्चीवर नेऊन त्याला विंचरावे. सोफ्यावरून आधी ओलसर रबरी हातमोजा फिरवला तर केसांच्या वळ्या होऊन त्या हातानेच उचलता येतात. गच्चीवर किंवा हातमोज्यावर निघालेला प्रत्येक केस यंत्रात जायचा वाचतो.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो आणि घरात दोन मांजरे आहेत. रोबो किंवा बिनतारेचा व्हॅक्यूम क्लीनर पुरेल का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : रोजच्या वरवरच्या सफाईसाठी पुरेल, घरातले एकमेव यंत्र म्हणून मी तो सुचवणार नाही. त्याचा डबा लहान असतो आणि दोन मांजरांच्या केसांनी तो पाहता पाहता भरतो. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर लक्षणीय घटते आणि उष्णतेने ती आणखी लवकर उतरते. त्यामुळे बॅटरी घरच्या घरी काढून बदलता येते का, हीच येथे टिकाऊपणाची पहिली कसोटी आहे. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या उन्हात येणाऱ्या बाल्कनीत त्याचा चार्जर लावू नये. रोबो घेतलात तर आपण घरात असतानाच तो चालवावा, कारण मांजराने शौचाच्या ट्रेबाहेर घाण केली असेल आणि रोबो त्यावरून गेला, तर ती सगळ्या घरभर पसरते.

प्रश्न : कुत्र्याला पिसवा झाल्या आहेत. व्हॅक्यूम क्लीनरने त्या जातात का? पिशवीत डांबरगोळी टाकावी असे शेजारी सांगतात.
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : पिसवांची अंडी कुत्र्याच्या अंगावरून गळून गादीत, सतरंजीत आणि फरशीच्या फटींत पडतात. त्यांतली बरीचशी अंडी व अळ्या यंत्राने निघतात, पण कोषातल्या पिसवा टिकून राहतात आणि पुढे कित्येक दिवस बाहेर येत राहतात. यंत्राच्या हादऱ्याने त्यांतल्या काही लवकर बाहेर पडतात आणि ते एका अर्थी उपयोगाचेच ठरते. म्हणून दोन-तीन आठवडे रोज, विशेषतः कुत्रा झोपतो त्या जागी, सफाई करावी आणि त्याच काळात पशुवैद्यांकडून कुत्र्यावर उपचार करून घ्यावेत. डांबरगोळी मात्र मुळीच टाकू नये. तिची वाफ यंत्रातून बाहेर पडणाऱ्या गरम हवेबरोबर खोलीभर पसरते आणि ती माणसांना व प्राण्यांना, त्यातही मांजरांना, घातक असते. त्याऐवजी सफाई झाल्यावर पिशवी काढून प्लास्टिकच्या थैलीत घट्ट बांधावी आणि त्याच दिवशी घंटागाडीत द्यावी.