मुंबई ते लंडन विमानाने किती किलोमीटर अंतर आहे?

मुंबई विमानतळ ते लंडनचा हीथ्रो हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे, म्हणजे साधारण ३,८९० सागरी मैल. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरचा सर्वांत जवळचा मार्ग मोजला की हा आकडा येतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका, फसगत होते. पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा: तो कराचीच्या आसपासून इराण, कॅस्पियन समुद्र, युक्रेन असा जातो.

प्रत्यक्ष विमान मात्र याहून जास्तच उडतं. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. त्यामुळे वळसा पडतो. किती, ते कंपनी आणि त्या दिवसाच्या मार्गावर ठरतं.

वेळेचा अंदाज किलोमीटरवरून बांधू नका. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी.