बाराखडी तोंडपाठ, पण ‘मान’ वाचता येईना

“मॅडम, बाराखडी घडाघडा म्हणते, पण पुस्तक उघडलं की गप्प. हिला काही प्रॉब्लेम तर नाही ना?” पहिलीतल्या, साडेसहा वर्षांच्या मुलीच्या आईची ही काळजी. दिवाळीच्या सुट्टीनंतर हा प्रश्न हमखास येतो.

मुलीसमोर ‘मू’ लिहिलेली चिठ्ठी ठेवली. ती बोटं मोजत निघाली: म, मा, मि, मी, मु... मू! म्हणजे उकार ओळखला नव्हता, तक्त्यातली जागा आठवली होती. ‘मान’ला अशी चाल नाही, म्हणून तिथे ती अडकली. मग तोंडी विचारलं, “‘सामान’मधून ‘सा’ काढला तर काय उरेल?” ती म्हणाली, “पिशवी.” शब्दाचे आवाज सुटे करता येतात, हेच तिला अजून उमगलं नव्हतं. खरी अडचण इथे होती, अक्षरांत नाही.

म्हणून पहिला आठवडा वही बंद. टाळ्या वाजवत शब्द तोडायचे, पहिला आवाज गाळून उरलेला सांगायचा. रोज दहा मिनिटं, कंटाळली की थांबायचं. पुढे क, म, न, स, ल ही पाचच अक्षरं आणि काना. एवढ्यात नाक, कान, लाल, मका, मामा, काम सगळे बसतात. ‘नाक’ला ती ‘ना... कऽ’ असं लांबवायची आणि अर्थ हरवायचा. “आता पटकन म्हण” म्हटलं की स्वतःच नाकाला हात लावायची. नंतर ‘मान’च्या चिठ्ठीमागे एकेक अक्षर सरकवलं: कमान, समान, सामान.

घरी दोन चुका होत होत्या. घ-ध आणि भ-म या दिसायला सारख्या जोड्या एकाच दिवशी गिरवून घेतल्या जात होत्या. त्यांत आठवडाभराचं तरी अंतर हवं. शिवाय जोडाक्षरांची घाई. मुलांना वाचन-गणिताचा पाया यावा म्हणून केंद्र सरकारने आखलेल्या ‘निपुण भारत’ मोहिमेचं उद्दिष्टसुद्धा तिसरीअखेरचं आहे, पहिलीच्या दिवाळीचं नाही!

कान आणि डोळे मात्र तपासून घ्यायला सांगितलं. बोलणं उशिरा सुरू झालं असेल किंवा घरात कुणाला वाचनाची अडचण असेल, तर लक्ष ठेवावं. अध्ययन अक्षमतेचं निदान सहसा आठ वर्षांच्या आधी करत नाहीत.

सहा आठवड्यांनी ती छोटी वाक्यं वाचू लागली. ‘किमान’पाशी अजून अडखळते. वेलांटी दिसते आधी, उच्चारायची मात्र ‘क’नंतर. सध्या ती वेलांटी लाल पेन्सिलने रंगवून घेतोय.