लाकडी चौकटीची मॉरिस

प्रश्न : जुनी मॉरिस मायनर ट्रॅव्हलर घ्यायची आहे. मागचं लाकूड गोव्याच्या पावसात टिकेल का? (वाचक, म्हापसा)

उत्तर : टिकेल, पण आधी पारखून घ्या. १९५३ ते १९७१ या काळात बनलेल्या या गाडीची अ‍ॅश लाकडाची चौकट नुसती शोभेची नाही; मागची बॉडी तिच्यावरच उभी असते. संग्राहक तिच्यावर जीव टाकतात ते म्हणूनच! सरकत्या काचांच्या खाचेत पाणी साचून खालची पट्टी कुजते. सांध्यापाशी काळा डाग दिसला की टोच्या दाबून बघा. टोक रुतलं, तर वार्निशने भागणार नाही, तो तुकडा बदलावाच लागेल. मे महिन्यातच खाचेतला कचरा काढा, सुटलेलं वार्निश घासून, लाकूड पूर्ण सुकवून नवे हात द्या. गाडीवर प्लास्टिक मात्र टाकू नका, आत ओल कोंडते.