पुढे आयसीयूच करायचं असेल तर ॲनेस्थेशियाची सीट घ्यावी का?

तू विचारलंयस की इंटर्नशिप संपली, नीट पीजीच्या रँकवर ॲनेस्थेशिया मिळतोय, पुढे आयसीयू करायचंय, पण घरचे म्हणतायत एक वर्ष थांब आणि मेडिसिन घे, भूल देणाऱ्याला कोण विचारतं. मी पुण्यातच ॲनेस्थेशिया केलं, आता पूर्णवेळ आयसीयूत असते. ज्युनिअर आहेस म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस.

सीट घे. घरच्यांना १९५२ सालचं कोपनहेगन सांग, पोलिओची साथ, पेशंटना श्वास घेता येईना, मशीनं पुरेनात, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने सुचवलं की गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत ट्यूब टाका आणि हाताने बॅग दाबून श्वास द्या, मग मेडिकलची पोरं पाळ्या लावून रात्रंदिवस बॅगा दाबत बसली. आयसीयू ही भानगड तिथून सुरू झाली. म्हणजे घर आम्हीच बांधलं आणि आता आम्हालाच विचारतात तुमचं इथे काय काम.

बाकी रस्ता दोघांना सारखाच आहे. एमडी किंवा डीएनबी ही पीजीची पदवी तीन वर्षं, मग नीट एसएस ही सुपरस्पेशालिटीची परीक्षा देऊन डीएम किंवा डीआरएनबी क्रिटिकल केअर (म्हणजे आयसीयूचीच सुपरस्पेशालिटी) अजून तीन, नाहीतर आयएससीसीएम या आयसीयू डॉक्टरांच्या संघटनेचा एक वर्षाचा आयडीसीसीएम डिप्लोमा. मेडिसिनवाल्यालाही हेच करावं लागतं, मग वर्ष कशाला घालवतोस? फक्त हातात डीए, म्हणजे ॲनेस्थेशियाचा नुसता डिप्लोमा, येत असेल तर दोनदा विचार कर, दोन वर्षांत सुटशील पण डीएमला एमडी नाहीतर डीएनबीच लागतं.

मेडिसिनवाले एका बाबतीत आपल्यापुढे असतात हे मात्र खरं. ताप का येतोय, कुठलं अँटिबायोटिक कधी बंद करायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. आणि नातेवाईकांशी बोलणं! आपला पेशंट झोपलेला असतो ना, त्यामुळे बोलायची सवयच नसते, मला "आता फार आशा नाही" हे नीट सांगायला शिकायलाच दोन वर्षं लागली.

आता जे तू विचारलं नाहीस पण विचारायला हवं होतंस ते. कॉलेजचं नाव बघून सीट घेऊ नको, रात्री दोन वाजता तुझ्या शेजारी कोण उभं असतं ते बघ. माझा दुसरा महिना, आयसीयूतून कॉल, न्यूमोनियाचे आजोबा, ट्यूब टाकायची. सिनिअर खाली इमर्जन्सी सिझेरियनमध्ये अडकलेला. मी ट्यूब टाकली, मनात म्हटलं झालं, आणि मॉनिटरचा टिकटिक आवाज जाड व्हायला लागला, सॅच्युरेशन उतरलं की त्याचा सूर खाली जातो, हे तुला पुढे झोपेतही ऐकू येईल. ट्यूब श्वासनलिकेत गेली का ते श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून दाखवणारं कॅप्नोग्राफ मशीन एकच, ते ऑपरेशन थिएटरात. पोटावर स्टेथो ठेवला तर गुडगुड. ट्यूब अन्ननलिकेत. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, काढा, मी मास्क धरते." ट्यूब काढली, बॅगिंग केलं, सूर परत वर येईपर्यंत हात थरथरत होते, मग उशी नीट लावून बूजीवरून, म्हणजे वाट दाखवणाऱ्या लवचिक काडीवरून, ट्यूब गेली. आजोबा वाचले. त्या हॉस्पिटलचं नाव घेत नाही, पण दोन महिन्यांपूर्वी लागलेल्या पोरीला तिथे एकटं पाठवणं चूकच होतं आणि सकाळी कोणी काही विचारलंही नाही.

यूकेत नवख्या भूलतज्ज्ञाची आधी इनिशियल असेसमेंट ऑफ कॉम्पिटन्स, म्हणजे हात बसलाय का याची पहिली तपासणी, पूर्ण व्हावी लागते, त्याला सुरुवातीचे काही महिने जातात आणि तोवर सिनिअर खोलीत असल्याशिवाय भूल द्यायची नाही. आपल्याकडे हे कॉलेजवर नाही, त्या रात्रीच्या सिनिअरच्या स्वभावावर चालतं.

म्हणून चॉइस भरायच्या आधी जाऊन भेट. ससूनसारख्या सरकारी ठिकाणी केसेसचा पाऊस, हात लवकर बसतो, पण नंतरचा एक वर्षाचा बॉण्ड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, धरून चाल. खासगी डीएनबीला मशीनं छान असतात, पण ट्यूब आणि सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) तुला टाकायला देतात की कन्सल्टंटच टाकतात ते विचार. एचओडीला, म्हणजे विभागप्रमुखाला, नको विचारू, ते सगळं छानच सांगणार, सेकंड इयरच्या रेसिडेंटला चहाला ने. त्याला एवढंच विचार की आयसीयूत तुमची पोस्टिंग किती महिने आणि तिथे तुम्ही व्हेंटिलेटरची सेटिंग स्वतः बदलता का नुसतं एबीजीसाठी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) रक्त काढता. आणि पहिल्या तीन महिन्यांत एकट्याने कॉल केला का. तो हसला तर समजून जा.

अजून एक, आयसीयू नाही जमलं तरी उपाशी मरणार नाहीस. आमच्या बॅचचे निम्मे जण बॅग पुढे ठेवून स्कूटरवर सदाशिव पेठ ते हडपसर नर्सिंग होमच्या केसेस करत फिरतात आणि दुपारी घरी जेवतात, मला अजून ते जमलेलं नाही.